सगळ्यांचा वाढदिवस आणि तिचा

माझा वाढदिवस एक जूनला असतो. म्हणजे कागदावर असतो. माझ्या वयाच्या कितीतरी माणसांचा तो त्याच दिवशी असतो, आणि त्यांच्या आयांना विचारलं तर त्या वेगळंच काहीतरी सांगतील. माझी आई सांगते, "शाळू काढायला आलावता तवा तू झालीस." शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघतो माघ-फाल्गुनात. पण वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले, हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली, वडिलांनी शाळूचं सांगितलं, आणि हेडमास्तरांनी हसून एक जून टाकून दिला. जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा वय पूर्ण भरलेलं बरं. कुणाचं काही बिघडलं नाही. एवढंच झालं की एक जूनला शाळेला सुट्टी असते, त्यामुळे रंगीत कपडे घालून वर्गात गोळ्या वाटणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

ही पद्धत आमच्या शाळेत आजही तशीच आहे. ज्याचा वाढदिवस त्याला त्या दिवशी गणवेश माफ. सगळा वर्ग निळ्या-पांढऱ्यात, आणि एकच मूल लाल नाहीतर गुलाबी, केसांना तेल जरा जास्तच, हातात गोळ्यांची पिशवी. प्रार्थनेला ते मूल लांबून दिसतं. दिवसभर फळा पुसायचा मान त्याचा, आणि गोळ्या वाटताना कुणाला दोन द्यायच्या हे ठरवायचा अधिकारही त्याचाच. मोठ्यांना हे किरकोळ वाटेल. मला वाटत नाही.

मी कोपरखैरण्यात एका मराठी शाळेत सहावीला शिकवते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. वडील तुर्भ्याच्या बाजारात पाठीवरून गोणी उतरवायचे, आईला सही येत नाही, आणि मी बी.ए. आणि मग बी.एड. केलं. हे मी सांगते कारण मला सांगायला आवडतं. लोक म्हणतात नम्र असावं. असेनही मी, पण या एका बाबतीत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डिसेंबरात शाळेत एका स्पर्धेचं पत्रक आलं. गोळ्या-चॉकलेटं चिकटवून चित्र करायचं, रंग वापरायचा नाही, एका फळीवर सगळ्या वर्गानं मिळून करायचं. विषय होता, 'आमचा आनंदाचा दिवस'. पहिलं बक्षीस शाळेला नवा कॅरम. हे वाचल्याबरोबर वर्ग उठून उभाच राहिला, कारण आमच्या जुन्या कॅरमला मधोमध खड्डा पडला होता आणि स्ट्रायकर तिथं जाऊन बसायचा.

आनंदाचा दिवस म्हणजे कोणता, यावर अर्धा तास भांडण झालं. दहीहंडी झाली, शाळेची सहल झाली, क्रिकेटची मॅच जिंकलो तो दिवस झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, वाढदिवस." भांडण तिथंच संपलं. वाढदिवसाला नाही कोण म्हणणार?

चित्र ठरलं असं: वर्गात ओळीनं बसलेली गणवेशातली मुलं, आणि समोर रंगीत कपड्यातलं एक जण गोळ्या वाटतंय. गोळ्यांचं चित्र, तेही गोळ्या वाटण्याचं. मला स्वतःला ते फार आवडलं. पण लगेच दुसरं भांडण लागलं. समोरचं ते एक जण कोण?

"मी. माझा गेल्याच आठवड्यात झाला."

"तुझा शर्ट तर चॉकलेटी होता. चित्रात टेबल वाटशील."

आमचा मॉनिटर डोक्यानं तल्लख आणि तोंडानं त्याहून. त्यानं बाक वाजवलं. "टेन्शन कशाला घेता? सगळ्यांचेच वाढदिवस एका दिवशी करून टाकू. सगळ्यांनी रंगीत घालून यायचं, सगळ्यांनी गोळ्या आणायच्या. चित्रात पण सगळेच रंगीत. मग भांडणच नाय, आणि गोळ्या पण जमतात."

मला हसू आवरेना. म्हटलं, "अरे, हे आधीच करून झालंय." मग मी त्यांना एक जूनचं सांगितलं. माझं, माझ्या नवऱ्याचं, खाली ऑफिसात बसणाऱ्या सरांचं. मुलं खूप हसली. मॉनिटर म्हणाला, "म्हणजे हेडमास्तर पण माझ्यासारखेच हुशार होते."

एकच मुलगी हसली नाही. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची ती. तिची आई घरी शिवणकाम करते, वडील टेम्पो चालवतात. दोघंही आमच्यासारखे साताऱ्याकडचे, म्हणून माझ्या आईला तिच्या आईचं फार कौतुक. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझा मे महिन्यात असतो."

"मग चांगलंच की. तुला कधी वाटायला मिळत नाही, आता मिळेल."

"पण सगळ्यांचा असला तर कुणाचाच नाय ना."

मी काहीतरी समजूत घातली. तिला ती पटली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटली नव्हती. पहिलीपासून ही मुलगी प्रत्येकाची गोळी घेऊन 'हॅपी बर्थडे' म्हणत आली होती. तिला हवं होतं ते इतकंच: एक दिवस, सगळ्यांत ती एकटी रंगीत, आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं. आणि नेमकं तेच आम्ही सगळ्यांना एकदम वाटून टाकायला निघालो होतो.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी सगळ्यांचा वाढदिवस झाला. सकाळी वर्गात शिरले तर डोळे दिपले. जरीचे फ्रॉक, मामाच्या लग्नातले कोट, एकानं तर गोविंदा पथकाचा टी-शर्ट घातला होता. आणि तिसऱ्या बाकावर खिडकीशी, धुऊन इस्त्री केलेल्या गणवेशात, निळ्या रिबिनी बांधून, ती.

"काय गं, विसरलीस?"

"नाय बाई."

शेजारची म्हणाली, "बाई, हिच्याकडं पिवळा फ्रॉक हाय. मी बघितलाय. झालरवाला. पेटीत ठेवलाय."

"मग घातला का नाहीस?"

"आईनं मेसाठी शिवलाय. वाढत्या अंगाचा. आधी घडी नाय मोडायची." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आज माझा नायच आहे."

दुसरं काही रंगीत घालून यायला तिला कुणी अडवलं नव्हतं. दिवाळीचा ड्रेस होताच की. पण तिचं म्हणणं सरळ होतं: रंगीत घातलं म्हणजे वाढदिवस झाला. एकदा खोटा झाला की मेमधल्या खऱ्याची किंमत गेली. मी तिला रागावले नाही. मनात म्हटलं, माझ्या वडिलांनी शाळूवर असंच अडून राहायला हवं होतं.

गोळ्या मात्र तिनं आणल्या होत्या. सगळ्यांनी संत्र्याच्या, कैरीच्या, चिंचेच्या आणल्या होत्या, हिनं पांढरी पेपरमिंटं. ती बाकांमधून वाटत फिरली तेव्हा एक गंमत झाली. इतकी मुलं वाटून गेली होती, कुणी कुणाकडे मान वर करून बघितलं नव्हतं. सगळीकडे रंगच रंग, त्यात कोण कुठला कळत नव्हतं. पण ही उठली आणि सगळ्या वर्गाला दिसली. एवढ्या रंगांत ती एकटीच निळी-पांढरी.

मॉनिटर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, चित्र मिळालं."

अशी ती चित्रात आली. सगळा वर्ग रंगीत आणि मधोमध गणवेशातली एक मुलगी, हातात पिशवी. तिला विचारलं तेव्हा तिनं एकच अट घातली: "पण मी समोर बघत असणार. पाठमोरी नाय."

गोळ्यांचं चित्र करणं हे सोपं काम नाही, हे मला ते करेपर्यंत माहीत नव्हतं. गोळी गोल असते, घरंगळते. चोखून लावली की चिकटते, पण रंग जातो, आणि मुलं चोखायला नेमकी तयार असतात. शेवटी घट्ट पाक करून त्यात एकेक बुडवून लावायची ठरलं. बारीक रंगांसाठी बडीशेपेच्या गोळ्या. त्यातल्या निळ्या वेगळ्या काढायला मुलींनी घरून सूप आणलं आणि चार-चार जणी सुपाभोवती बसून तांदूळ निवडावेत तशा निळ्या गोळ्या निवडू लागल्या. निळ्याखेरीज कुठलीही गोळी तोंडात टाकायला परवानगी होती, त्यामुळे निवडणं मन लावून झालं.

दुसऱ्या दिवशी मुंग्या. मी फवारणीचं म्हणत होते, पण मुलांनीच इलाज केला. चार बाकं जोडून त्यावर फळी ठेवली आणि बाकांच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. घरात दुधातुपाच्या कपाटाला असंच करतात. हेडमास्तर दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, बाकांचे पाय धुवायला घेतलेत की काय?" पण वाट्यांत पाणी कमी झालं की तेच मुलांना हाक मारून सांगायचे.

खाडीची हवा आमच्याकडे कुणाला सोडत नाही. चार दिवसांत चित्राला घाम सुटला. लाल फ्रॉक केशरी शर्टात उतरला, हिरवा गुलाबीत. दोन बहिणी एकमेकींना चिकटल्या त्या कायमच्या. "राहू दे, आमच्या वर्गात सगळेच चिकटून बसतात," मॉनिटर म्हणाला. फक्त गणवेशाच्या पांढऱ्या रंगासाठी लावलेली पेपरमिंटं कोरडी राहिली. त्यामुळे मधली मुलगी आणखीच उठून दिसायला लागली. तिच्या चेहऱ्याला गव्हाळ रंगाची टॉफी होती, आणि हसरं तोंड एका लाल गोळीच्या दोन तुकड्यांचं. ती रोज येऊन ते तोंड जागेवर आहे ना बघायची.

"मी अशी दिसते, बाई?"

"याहून बरी दिसतेस."

"मला म्हायतीय," ती म्हणाली.

बक्षीस समारंभ वाशीला एका हॉलमध्ये होता. मी सगळ्या वर्गाला नेलं. टेम्पो तिच्या वडिलांचाच. चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती: गेटवे ऑफ इंडिया, मोर, चॉकलेटची होडी. आमच्यासमोर गर्दी होती. परीक्षक बराच वेळ उभे राहिले, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. कॅरम आलाच म्हणून समजा.

आलाच होता. निवेदिकेनं आमच्या शाळेचं नाव घेतलं आणि टाळ्या झाल्या. मग ती हातातला कागद वाचायला लागली. म्हणाली, या चिमुकल्यांनी आपल्या डोळ्यांत अंजन घातलं आहे. सगळी मुलं नव्या कपड्यांत नटलेली, आणि त्यांच्यात एक गरीब मुलगी, जिच्याकडे वाढदिवसालाही नवा कपडा नाही, तरी ती हसते आहे. गरिबीतलं हे हसू आम्हाला खूप काही शिकवून जातं. हॉलमध्ये 'च्च' असा आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला रुमाल लावला.

मला एकदम वेगळाच हॉल आठवला. मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या वसाहतीच्या मंडळानं माझा सत्कार केला होता. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, या मुलीच्या घरी दोन वेळची चूल पेटत नव्हती, तरी ती शिकली. वडील पहिल्या रांगेत, नवीन पांढरा शर्ट घालून. घरी येताना ते रस्त्यात थांबले आणि म्हणाले, "आपण येवढं गरीब हुतो व्हय गं?" खरंच विचारत होते. आमची चूल रोज दोनदा पेटायची. त्यांच्या कष्टावर पेटायची. पाहुण्यांनी माझं कौतुक करायला ती विझवली होती. मी हसण्यावारी नेलं. पण त्या शर्टाला नंतर त्यांनी फारसा हात लावला नाही.

माझ्या ओढणीला हिसका बसला. ती होती. तिचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता.

"बाई, ते माझ्याबद्दल बोलतात?"

मी काही बोलायच्या आत तिनं सांगितलं, "मला फ्रॉक हाय. सांगा ना त्यांना."

वर्ग आमच्याकडे बघत होता. स्टेजवर टेबलावर कॅरम उभा करून ठेवला होता, कडा चमकत होत्या. मला वर बोलावलं. मी तिला बरोबर घेतलं. निवेदिकेनं ती गणवेशातली मुलगी बघितली, तिला वाटलं हीच ती बिचारी, आणि तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी माईक मागून घेतला. भाषण करायचं नव्हतं मला. म्हटलं, "एक चुकलंय, तेवढं दुरुस्त करते. चित्रातली मुलगी गरीब नाही. तिच्याकडे पिवळा फ्रॉक आहे, तिच्या आईनं शिवलेला. तिचा वाढदिवस मेमध्ये असतो, म्हणून तिनं तो घातला नाही. बाकी सगळ्यांचा वाढदिवस आम्ही खोटा केला होता. हिनं आपला खरा राखून ठेवला. चित्र त्याचं आहे."

मग मागून कुणीतरी हसलं, चांगलं हसलं. परीक्षक जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पण बक्षीस आम्ही त्या सामाजिक संदेशासाठी दिलं आहे. निकालात तसं लिहिलंय."

माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच पेच पडला होता.

"मग लिहिलेलं बदला," मी म्हटलं.

"आता कसं बदलणार?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं कॅरमकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. नाही म्हणून. आम्ही दोघी तशाच खाली आलो.

कॅरम चॉकलेटच्या होडीला गेला. आम्हाला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि चित्र परत. टेम्पोत मागे मुलं फळीच्या दोन्ही बाजूंना बसली होती. वाशी मागे पडली तेव्हा एकानं तोंड उघडलं, "एका फ्रॉकपायी कॅरम गेला राव."

"गप ए."

"गप काय? बाईंनी नंतर सांगितलं असतं तर? आधी घ्यायचा ना कॅरम, मग सांगायचं!"

ही गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती असं नाही. ती माझ्या शेजारी, गुडघ्यांत मान घालून. मॉनिटर बराच वेळ चित्रातल्या लाल तोंडाची गोळी बोटानं दाबून जागेवर बसवत होता. मग तिला म्हणाला, "मेमध्ये कितवी तारीख?"

तिनं मान न उचलता सांगितली.

"गावाला जाणार?"

"नाय. इथंच."

"मग बोलव. कॅरम घालवलास, निदान गोळी तरी दे."

मला वाटलं, मुलं आहेत, मेपर्यंत कोण लक्षात ठेवतंय. जुना कॅरम खड्ड्यासकट चालू राहिला. चित्र मार्चच्या उन्हात वितळून एक झालं. आधी कपडे कळेनासे झाले, मग चेहरे. वाट्यांतलं पाणी भरायचं आम्ही थांबवलं आणि ते मुंग्यांना दिलं.

मेमध्ये तिच्या आईचा फोन आला. संध्याकाळी सेक्टरमधल्या बागेत या म्हणाली, पोरीनं सांगितलंय बाई पाहिजेतच. मी गेले. ऊन उतरलेलं पण उकाडा मरणाचा. ती झोपाळ्यांपाशी उभी होती. पिवळा फ्रॉक, दोन झालरी, खांद्यावर अजूनही सैल. तिची आई म्हणाली, "वाढत्या अंगाचा शिवला ते बरं झालं. पुढच्या मेलाबी चालंल." हातात पेपरमिंटांची पिशवी. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि ती सारखी फाटकाकडे बघत होती.

"येतील गं," मी म्हटलं. निम्मा वर्ग गावाला गेलेला असणार हे मला माहीत होतं.

मग फाटकातून मॉनिटर आला. मला आधी काय वेगळं आहे ते कळलंच नाही. त्याच्यामागून दुसरा, मग तीन मुली, मग टेम्पोत कॅरमवरून कुरकुरलेला तो कॅरमवाला. सगळे गणवेशात. ऐन सुट्टीत, त्या उकाड्यात, टाय लावून, पट्टे घालून. एकाची पँट एव्हाना घोट्याच्या वर गेली होती. बागेचा वॉचमन उठून उभा राहिला.

"काय रे, शाळा सुरू झाली?"

"नाय काका, हिचा वाढदिवस हाय," मॉनिटर म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

ते ओळीनं झोपाळ्यांजवळच्या कठड्यावर बसले. ती समोर उभी राहिली. सगळ्या निळ्या-पांढऱ्यात तिचा फ्रॉक इतका पिवळा दिसत होता की बघवेना. त्यांनी गाणं म्हटलं, बेसूर, आणि ती प्रत्येकाकडे बघत राहिली, घाई न करता. मग पिशवी घेऊन ओळीनं निघाली. कॅरमवाल्यानं दोन हात पुढे केले. "मला दोन. भरपाई."

तिनं क्षणभर विचार केला. तो अधिकार तिचाच होता.

"एकच मिळंल," ती म्हणाली, आणि पुढच्याकडे वळली.